टेबलं बाहेर मांडायची, पण कुणाच्या जागेत?

प्रश्न: शहापूर भागात आमचं छोटं नाष्टा सेंटर आहे. सकाळी इडली-वडा, उप्पीट, पुरीभाजी. संध्याकाळी भजी आणि मिसळ. आत १६ जण बसतात. कोरोनात निम्मीच माणसं आत बसवायची होती, तेव्हा आम्ही ४ टेबलं फूटपाथवर मांडली. कुणी हटकलं नाही. लोकांना बाहेर बसणं आवडलं आणि ती टेबलं तिथंच राहिली. आता ७ दिवसांत फूटपाथ मोकळा करा अशी नोटीस आली आहे. दुकानाचं तोंड १८ फूट, मधोमध ४ फुटांचं दार. दुकानापुढं ५ फूट आमचीच फरशी, पुढं साडेसहा फुटांचा फूटपाथ, मग रस्ता. परदेशात शहरांनी हॉटेलांना रस्ता वापरायला दिला असं वाचलं. आपल्याकडं तसं मागता येईल का? शेजारी भजीचा एक गाडा लागतो. तो हलवला तर आमची २ टेबलं बसतील असं हे म्हणतात. काय करावं?
– एक वाचक भगिनी, शहापूर, बेळगाव

ताई, तुम्ही मापं लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत. निम्मं उत्तर त्या मापांतच आहे.

आधी नोटिशीचं बघू. ८ जून २०२० ला हॉटेलं पुन्हा उघडली तेव्हा आत निम्मीच माणसं आणि दोन माणसांत ६ फूट अंतर असा केंद्राचा नियम होता. ते सगळे आदेश आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या आधारानं निघत होते आणि तो आधार ३१ मार्च २०२२ नंतर सरकारनं पुढं वाढवला नाही. म्हणजे त्या काळात तुम्हाला कुणी हटकलं नाही ही अडचणीच्या दिवसांतली सवलत होती, परवाना नव्हता. 'तेव्हा चाललं, मग आता का नाही' हे वाक्य नोटिशीच्या उत्तरात लिहू नका. त्यातून आपण इतकी वर्षं विनापरवाना फूटपाथ वापरला अशी कबुलीच जाते. कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ खाली रस्त्यावरची अडचण काढायचा अधिकार आयुक्तांना आहे. उचलून नेलेली टेबलं-खुर्च्या सोडवून आणायला लागणारा वेळ आणि पैसा बघितला तर ती आपणच आत घेणं कधीही स्वस्त.

आता टेप घ्या. साडेसहा फूट म्हणजे १९८ सेंटिमीटर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, चालायला मोकळी पट्टी निदान १८० सेंटिमीटर धरली आहे आणि दुकानांच्या भागात अडीच मीटर. बाजारपेठेचं माप लावलं तर तुमच्या दारातला फूटपाथ मुळातच अर्धा मीटर अरुंद आहे. कमीत कमीचं माप लावलं तरी उरतात १८ सेंटिमीटर, म्हणजे ७ इंच. सात इंचात स्टूलसुद्धा बसत नाही. हे माप हवेतून आलेलं नाही. दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील एवढी ती जागा आहे. तुमचं टेबल अडीच फुटांचं, मागं सरकवलेली खुर्ची दोन फुटांची. उरलेल्या दोन फुटांत काठी टेकत येणारे आजोबा एक तर तुमच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीला अडखळणार, नाहीतर गटाराच्या फटीवरून रस्त्यावर उतरणार. म्हणून फूटपाथवरच्या टेबलांसाठी आमचा सल्ला साफ नकाराचा आहे. कॉर्पोरेशननं उद्या परवानगी देऊ केली तरी या मापाच्या फूटपाथवर ती घेऊ नका.

मात्र ती ५ फुटांची फरशी तुमची आहे, आणि तिच्याकडं तुमचं लक्षच गेलेलं नाही असं पत्रावरून वाटतं.

ती खरंच तुमची आहे का, हे पहिलं तपासा. सिटी सर्व्हे कार्यालयातून सीटीएस उतारा (जागेच्या मालकीची नोंद) आणि नकाशा काढा आणि इमारतीच्या मंजूर प्लॅनशी ताडून बघा. जुन्या गल्ल्यांत पुष्कळदा असं होतं की आजोबांच्या काळात गटारावर फरशी टाकली, त्यावर पायरी बांधली आणि दोन पिढ्यांनी ती आपलीच धरली. गटारावरचा भाग उताऱ्यात नसतो. दुसरं, ती मोकळी जागा प्लॅनमध्ये पार्किंग म्हणून दाखवली असेल तर तिथं बैठक करणं हाही नियमभंगच. दोन्ही बाबतीत जागा निर्वेध निघाली तर पुढचं वाचा. दुकान भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमतीही लागेल.

दाराच्या दोन्ही बाजूंना ७-७ फूट लांब आणि ५ फूट खोल अशा दोन पट्ट्या तुमच्याकडं आहेत. इथं चौकोनी टेबल मांडायच्या फंदात पडू नका. चार खुर्च्यांचं टेबल, माणसं बसून, सव्वासहा फूट बाय सव्वासहा फूट जागा खातं; त्याची खुर्ची फूटपाथवर जाणारच. दोघांचं टेबल भिंतीला लावून समोरासमोर खुर्च्या ठेवल्या तर ते ७ फुटांत बसतं, पण एका बाजूला माणसं दोनच. त्यापेक्षा एका बाजूला भिंतीलगत बाकडं करा: लांबी ७ फूट, रुंदी १८ इंच, उंची १८ इंच. तीन माणसं प्रत्येकी सव्वादोन फुटांत आरामात बसतात. पुढं १५ इंच रुंद आणि ३० इंच उंच अरुंद टेबल. नाष्ट्याची थाळी आणि पाण्याचा पेला त्यावर मावतो. बाकडं आणि टेबल मिळून ३३ इंच झाले, ५ फुटांतले २७ इंच वाढप्याला उरले, आणि फूटपाथवर कुणाचा पायही गेला नाही. टेबल सलग ७ फुटांचं करू नका, नाहीतर मधल्या माणसाला उठायचं झालं की कडेच्याला उठावं लागतं. साडेतीन-साडेतीन फुटांचे दोन सुटे भाग करा. रात्री आत घ्यायलाही सोपं जातं.

दुसऱ्या बाजूला उभ्यानं खायचा कट्टा. बंगळूरच्या दर्शिन्यांत असतो तसा, ४२ इंच उंच, १४ इंच खोल, भिंतीत ब्रॅकेट ठोकून वर ग्रॅनाइट किंवा कडप्पा. ग्रॅनाइटची पुढची कड गोल घासून घ्या, लहान मुलांच्या कपाळाला ती बरोबर लागते. दर माणसी २ फूट धरले तर तिघं उभे राहतात. खाली पिशवी अडकवायला तीन आकडे लावा. पिशवी हातात असली की माणूस उभ्यानं खायला तयार होत नाही.

तुम्ही म्हणाल, ४ टेबलं गेली आणि ६ माणसांची सोय झाली, यात भागणार कसं? हिशेब मांडून बघा. चार खुर्च्यांच्या टेबलावर बहुतेक वेळा दोघंच बसलेले असतात आणि तिसरा अनोळखी माणूस तिथं बसायला संकोचतो. बसून नाष्टा करणारा २० मिनिटं घेतो असं धरलं, तर ४ टेबलांवर तासाला २४ माणसं झाली. आता बाकड्यावर तिघं, तासाला ९. कट्ट्यावर उभा राहणारा १२ मिनिटांत मोकळा होतो, म्हणजे तिघांच्या जागेत तासाला १५. बेरीज २४. तुमची मिनिटं थोडी वेगळी येतील. एक आठवडा सकाळी ८ ते १० या वेळात वहीत खुणा करून मोजा आणि मगच सुताराला बोलवा. कुटुंबानं बसायचं ते आत, एकट्या-दुकट्यानं बाहेर, एवढी वाटणी वाढप्याला नीट समजावून ठेवली की गाडी रुळावर येते.

छताचं काम लोक सगळ्यात घाईत करतात आणि तिथंच फसतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो सोसाट्याचा वारा घेऊनच. दोन खांबांना बांधलेली ताडपत्री मधोमध झोळ धरते. एक चौरस मीटर झोळात ५ सेंटिमीटर पाणी साठलं की ते ५० किलो वजन झालं. दोन-तीन चौरस मीटर झोळ म्हणजे शंभर ते दीडशे किलो गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. म्हणून ताडपत्री असो की सरकतं कापडी छत, उतार निदान चारास एक ठेवा. तुमच्या ५ फूट खोलीला बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा सव्वा फूट खाली येईल. ही कड जमिनीपासून ७ फूट ३ इंचांच्या खाली आणू नका आणि छत आपल्या ५ फुटांच्या बाहेर काढू नका. कडेला पन्हळ लावून पाणी पाइपानं खाली घ्या, नाहीतर सगळी धार फूटपाथवरून जाणाऱ्यांच्या अंगावर जाते आणि शेजाऱ्यांची पहिली तक्रार तिथूनच येते. मोठी छत्री या मापात बसत नाही. दुसऱ्या कुणी ८ फुटी छत्री घेणार असेल तर बूड निदान ३० किलोचं, आणि वारा सुटला की ती मिटायची हे एका माणसाचं ठरलेलं काम.

आषाढ-श्रावणात पाऊस उभा पडत नाही, आडवा येतो. चार महिने बाहेरची बैठक धरूच नका. काही जण त्यासाठी तिन्ही बाजूंनी प्लास्टिकचे पडदे सोडतात. पाऊस थांबतो हे खरं, पण मग ती जागा बाहेरची राहतच नाही. कोरोनात बाहेर बसायचं कारण एवढंच होतं की श्वासातून निघणारे बारीक थेंब वाऱ्यानं पातळ होऊन जातात. तिन्ही बाजू बांधल्या की तीच हवा तिथं फिरत राहते. फ्लू आणि टीबी आजही आपल्यात आहेतच, म्हणून निदान दोन बाजू पूर्ण उघड्या ठेवा.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. शेगडी आणि १९ किलोचा सिलिंडर आतच. तवा बाहेर आणला की बैठक राहत नाही, विक्री होते आणि तिचे नियम वेगळे. बाहेरच्या दिव्याला आतून लोंबती वायर नको. पक्की लाइन, पाणी न शिरणारी पेटी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. वरच्या घराच्या मीटरवरून वीज घेतलीत तर हेस्कॉमचा दंड बसेल. हात धुतलेलं पाणी गटारात सोडू नका, आतल्या ड्रेनेजला जोडा. फूटपाथला ड्रिल मारून काही बसवू नका, खाली केबल आणि पाण्याची लाइन असते. गटारावर झाकण लागत असेल तर दोन माणसांना उचलेल एवढ्याच तुकड्यांत टाका, पक्कं सिमेंट करू नका. पावसाळ्याआधी सफाईवाले आले की पहिला घाव त्याच सिमेंटवर बसतो. नामफलकावर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात, असा कर्नाटकाचा २०२४ चा दुरुस्ती कायदा आहे. बाहेर ठेवायच्या पदार्थांच्या फळ्यावरही कन्नड वर आणि मराठी खाली लिहिलंत तर वादाला जागा राहत नाही आणि गिऱ्हाईक दोन्हीकडचं येतं.

आता भजीच्या गाड्याचं. ताई, तो गाडा तिथून उठवायचा विचार मनातून काढून टाका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात स्पष्ट आहे की सर्वेक्षण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाही विक्रेत्याला उठवता येत नाही. जागा ठरवायचं काम शहर विक्रेता समितीचं, आणि त्या समितीत निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असतात. कोरोनात १ जून २०२० ला पीएम स्वनिधी योजना आली तीही याच लोकांसाठी, तेव्हा पहिलं कर्ज १०,००० रुपयांपर्यंत होतं. तुमच्याकडं निदान ५ फूट फरशी आहे, त्याच्याकडं गाड्याची चार चाकं आहेत. आणि व्यवहाराचंही बोलायचं तर तुम्ही त्याच्याविरुद्ध अर्ज दिलात की मोजणी तुमच्या दारापासून सुरू होईल. गाडा दारासमोर येत असेल तर त्याच्याशी बोलून तो दोन हात बाजूला घ्यायला सांगा, संध्याकाळच्या भजीची वेळ वाटून घ्या. दोघांचं गिऱ्हाईक वाढतं.

परदेशातल्या शहरांबद्दल विचारलंत. तिथं काय झालं ते पुरतं वाचलं तर आपल्याला काय मागायचं ते कळतं. लिथुआनियाच्या विल्नियस शहरानं एप्रिल २०२० मध्येच चौक आणि रस्ते कॅफेंना खुले केले. न्यूयॉर्कनं जून २०२० मध्ये रस्त्याकडेची पार्किंगची जागा हॉटेलांना दिली. तिथं लाकडी खोपटी उभी राहिली, व्यवसाय तगले, पण पुढं उंदीर, साठलेला कचरा आणि गोंगाटाच्या तक्रारी वाढल्या. शेवटी २०२३ च्या कायद्यानं फूटपाथवरची बैठक वर्षभर, पण रस्त्यावरची एप्रिल ते नोव्हेंबरच, आणि दोन्हींना परवाना व शुल्क, असं ठरलं. आपल्या राज्यात बंगळूरचा चर्च स्ट्रीट नोव्हेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात शनिवार-रविवार वाहनांना बंद होता. तो रस्ता आधीच दगडी फरशीनं नव्यानं बांधलेला होता, म्हणून ते जमलं. जिथं जमलं तिथं शहरानं जागा, वेळ आणि जबाबदारी तिन्ही कागदावर आणल्या. खोपटी कायमची राहिली तिथंच बिनसलं.

म्हणून एकट्याच्या नावानं 'रस्ता वापरू द्या' असा अर्ज करू नका, तो फेटाळला जाणारच. गल्लीतले आठ-दहा दुकानदार, खाणावळवाले, गाडेवाले मिळून एक अर्ज करा. मागणी छोटी ठेवा: ऑक्टोबर ते मार्च, फक्त रविवारी, सकाळी ७ ते ११, गल्लीच्या एका बाजूची पार्किंगची पट्टी. एका मोटारीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर असते, तिच्यात चौघांची २ टेबलं मावतात. कॉर्पोरेशनला आणि ट्रॅफिक पोलिसांना हे चित्रातच दिसलं पाहिजे. नकाशावर मध्ये ४ मीटर सलग मोकळी वाट आखून दाखवा. अग्निशामक बंब सुमारे अडीच मीटर रुंद असतो, वळायला आणि होजपाइप ओढायला बाकीची जागा लागते. तेवढी वाट राहत नसेल तर ती गल्ली या कामाची नाही, दुसरी शोधा. अर्जासोबत द्यायचं ते असं: प्रत्येक दुकानाचा चालू ट्रेड लायसन्स, अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना, वर राहणाऱ्या घरांच्या सह्या, दुचाकी कुठं लावणार ती जागा, ओला-सुका कचरा ११ वाजता कोण आणि कुठं देणार त्याचं नाव, आणि काही मोडलं-बिघडलं तर अनामत भरायची तयारी. वरच्या मजल्यावरच्या घरांच्या सह्या आधी घ्या, दुकानदारांच्या नंतर. रविवारी सकाळी झोपमोड त्यांची होणार असते. सण-उत्सवांचे दिवस अर्जातच वगळा. त्या दिवसांत आपल्याकडं एकही खुर्ची रस्त्यात चालत नाही आणि चालूही नये.

अर्ज कन्नडमध्ये टाइप करून घ्या, सोबत मराठी प्रत जोडा. कन्नड येणाऱ्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. मूळ प्रत आयुक्तांना, एक ट्रॅफिक पोलिसांना, एक नगरसेवकांना, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख. हे वाचणारे कुणी कॅम्पात असतील तर तिथं कॅन्टोन्मेंट बोर्डाकडं जावं लागतं. निपाणी, चिक्कोडी, खानापूरला १९६४ चा नगरपालिका कायदा लागतो, बाकी रीत हीच. हायवेला लागून दुकान असेल तर मात्र रस्त्याची जागा मागायच्या भानगडीत पडूच नका. त्या वेगाच्या शेजारी माणसं बसवायची नसतात.

नोटिशीचं उत्तर आणि हा सामूहिक अर्ज एकत्र करू नका. उत्तरात चारच गोष्टी असू द्या: नोटीस मिळाली, अमुक तारखेला फूटपाथ पूर्ण मोकळा केला, यापुढं बैठक फक्त आमच्या हद्दीतच राहील, आणि सोबत सीटीएस उतारा, मापांसह हातानं काढलेला नकाशा व दोन फोटो. फोटो असे घ्या की फूटपाथवर टेप पसरलेला आहे आणि तुमच्या फरशीच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटची दोन इंची रेघ आहे. ती रेघ आधी मारून घ्या, वाढप्यालाही ती उपयोगी पडेल. सात दिवसांतले किती गेले ते पत्रात नाही, तेव्हा टेबलं आज रात्रीच आत घ्या आणि उद्या सकाळी उजेडात, गर्दी व्हायच्या आत, फोटो काढा.